एका बोटीची खरेदीखतं : ‘अमेरिका’पासून ‘सुहैली’पर्यंत

आजचा विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी आम्हाला विचारलं, की बोट जुनी झाल्यावर तिला किती पैसे येतात हा इतिहासाचा विषय कसा? हा तर दलालाचा विषय झाला. प्रश्न रास्त आहे. पण आपण घर घेतो तेव्हा ते वाढेल असं धरून चालतो. गाडी घेतो तेव्हा ती शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरणार हेही आपल्याला ठाऊक असतं. बोटीबद्दल मात्र लोक दोन्ही बाजूंनी बोलतात. एक म्हणतो, चांगली बोट किंमत धरून ठेवते. दुसरा म्हणतो, बोट म्हणजे पाण्यात पैसे टाकायचा खड्डा. दोघांकडे दाखले असतात, कारण दोघंही आयुष्यात दोन-चार वर्षांचाच व्यवहार बघतात. शंभर वर्षांचा हिशेब कुणी एक माणूस बघत नाही. तो बघायचा तर जुनी कागदपत्रंच काढावी लागतात.

तर आज आपण मुख्यतः एका बोटीचा हिशेब बघू. ती ९४ वर्षं होती, निदान डझनभर हातांतून गेली, आणि तिच्या बऱ्याच व्यवहारांची नोंद आहे. तिचं नाव ‘अमेरिका’. ज्या शर्यतीला आज ‘अमेरिकाज कप’ म्हणतात, त्या शर्यतीला हे नाव देशावरून नाही, या बोटीवरून पडलं आहे.

गोष्ट १८५० सालच्या शेवटाची. लंडनमध्ये पुढच्या वर्षी मोठं जागतिक प्रदर्शन भरणार होतं. त्या निमित्ताने आपली एखादी शिडाची बोट इंग्रजांच्या पाण्यात नेऊन दाखवावी असं न्यूयॉर्क यॉट क्लबच्या काही मंडळींच्या मनात आलं. क्लबचे अध्यक्ष जॉन कॉक्स स्टीव्हन्स आणि त्यांचे पाच भागीदार असे सहा जण एकत्र आले. बोटीची आखणी केली जॉर्ज स्टीअर्स या तरुण आरेखकाने, आणि ती बांधायचं काम घेतलं विल्यम ब्राऊन यांच्या गोदीने. करार मोठा मजेशीर आहे. किंमत ठरली ३० हजार डॉलर. पण अटी अशा, की १ एप्रिल १८५१पर्यंत बोट तयार पाहिजे. चाचणीत ती अमेरिकेतल्या बोटींमध्ये सर्वांत वेगवान ठरली नाही तर भागीदार ती नाकारू शकतात. आणि घेऊन इंग्लंडला नेली, तिथे हरली, तरीही परत करू शकतात! आज कुठल्याही बोट बांधणाऱ्याला या अटी दाखवा, तो तुम्हाला चहा पाजून निरोप देईल.

झालं काय, तर बोट वेळेत झाली नाही. ती मे महिन्यात पाण्यात उतरली. चाचणीत तिची गाठ पडली ‘मारिया’शी, म्हणजे स्टीव्हन्स यांच्याच जुन्या बोटीशी, आणि तिथे ती मागे पडली. ‘मारिया’ ही आतल्या शांत पाण्यात पळणारी बोट होती, भर समुद्रातली नव्हे, त्यामुळे ही तुलना ब्राऊन यांच्यावर थोडी अन्यायाचीच होती. पण करार तो करार. भागीदारांनी बोट २० हजार डॉलरला मागितली आणि ब्राऊन यांनी दिली. म्हणजे बघा, बोट अजून एकही मोहीम गेलेली नाही, तिच्या तळाला शेवाळही लागलेलं नाही, आणि तिची किंमत एक तृतीयांशाने खाली आली. लाकूड तेच, शीड तेच. खाली आलं ते फक्त तिच्याबद्दलचं मत.

पुढचं तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेल. जूनमध्ये ती अटलांटिक ओलांडायला निघाली. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ आल्यावर तिने एका स्थानिक बोटीला इतक्या सहज मागे टाकलं, की नंतर तिच्याशी पैजा लावायलाच कुणी पुढे येईना. भागीदारांना पैजांमधूनच पैसे काढायचे होते, म्हणजे त्यांची पंचाईत झाली. शेवटी २२ ऑगस्ट १८५१ रोजी आइल ऑफ वाइट बेटाभोवतीच्या शर्यतीत ती उतरली, आणि १०० पौंडांचा चांदीचा चषक घेऊन गेली. राणी व्हिक्टोरिया त्या दिवशी जवळच होती. ती शर्यत पुढे दंतकथा झाली, त्यामुळे तिच्यावर आज वेळ घालवत नाही.

आमच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते त्यानंतरच्या दहा-बारा दिवसांत घडलेलं. त्या सहा भागीदारांनी बोट मायदेशी नेलीच नाही. सप्टेंबर उजाडताच ती त्यांनी लॉर्ड जॉन डी ब्लाकीअर नावाच्या सरदाराला ५ हजार पौंडांना विकली. त्या वेळच्या दराने हे साधारण २५ हजार डॉलर होतात. २० हजारांना घेतलेली बोट, अटलांटिक ओलांडून, शर्यत मारून, पंचवीसला गेली. खलाशांचे पगार, नवी शिडं, प्रवासखर्च वजा जाता हाती थोडकंच उरलं, पण नुकसान नाही. या बोटीच्या पुढच्या ९४ वर्षांत हे असं पुन्हा फार कमी वेळा होणार आहे, म्हणून ते लक्षात ठेवा.

तेव्हा न्यूयॉर्कमध्ये काही लोक यावर चिडले. राष्ट्राची शान अशी विकून टाकली म्हणून. आम्हाला मात्र वाटतं, की त्या सहा जणांना बोटीचा व्यापार कळत होता. शर्यत मारून आठवडा झालेली बोट आणि शर्यत मारून पाच वर्षं झालेली बोट, या दोन वेगळ्या वस्तू असतात. चषक मात्र त्यांनी जवळ ठेवला. तो वितळवून प्रत्येकाला एकेक पदक करावं असाही विचार मध्ये निघाला होता म्हणतात. सुदैवाने तो बारगळला आणि १८५७मध्ये त्यांनी चषक न्यूयॉर्क यॉट क्लबला देऊन टाकला. त्या चषकाचं काय झालं ते आपल्याला माहीत आहे. आपण बोटीबरोबर राहू.

डी ब्लाकीअर यांनी ती वापरली, भूमध्य समुद्रात नेली. १८५६मध्ये ती व्हायकाउंट टेम्पलटाउन यांच्याकडे गेली. त्यांनी तिचं नाव बदलून ‘कॅमिला’ ठेवलं, आणि मग तिच्याकडे बघितलंच नाही. लाकडी बोट कशी मरते हे इथे जरा सांगायला हवं, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. आपल्याला वाटतं बोट खालून कुजत असेल, समुद्राच्या पाण्याने. किडा खालून लागतो हे खरं. पण कूज येते ती बहुतेकदा वरून. खारं पाणी बुरशीला मानवत नाही. मानवतं ते पावसाचं गोडं पाणी. डेकच्या फळ्यांमधली फट उघडली, पाऊस आत झिरपला, खाली हवा खेळत नाही अशा कोपऱ्यात लाकूड ओलं राहिलं, की ते आतून भुसभुशीत होतं. आणि वापरात असलेल्या बोटीवर रोज खारं पाणी उडतं, डेक धुतली जाते, फटीत दोरा-डांबर भरलं जातं, झाकणं उघडली जातात. बांधून ठेवलेल्या बोटीचं यातलं काहीच होत नाही. म्हणजे गाडी कमी पळाली तर तिचं मोल टिकतं. बोट कमी फिरली तर मोल जातं. कोकणात होडी किनाऱ्यावर ओढून पावसाळाभर नीट शाकारून ठेवतात, ती काही हौस म्हणून नव्हे.

‘कॅमिला’ दोन वर्षांत इतकी खराब झाली, की १८५८मध्ये ती हेन्री पिचर नावाच्या एका जहाज बांधणाऱ्याकडे गेली. त्याने कुजलेली लाकडं काढून नवी घातली, बोट पुन्हा उभी केली आणि १८६०मध्ये हेन्री डेसी नावाच्या गृहस्थाला विकली. आता प्रश्न असा, की ही तीच बोट का? नऊ वर्षांत तिचा बराच भाग बदलला होता. पण गिऱ्हाईक पैसे देत होतं ते शर्यत मारलेल्या ‘अमेरिका’चे. आम्ही याला फसवणूक म्हणणार नाही. लाकडी बोटीत असंच असतं, फळ्या बदलत राहतात आणि नाव राहतं.

१८६१मध्ये डेसी ती बोट घेऊन अमेरिकेच्या दक्षिणेत गेला. यादवी युद्ध सुरू झालं होतं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखून धरली होती, आणि तो वेढा चुकवून आत-बाहेर करायला वेगवान बोटींना मागणी होती. दक्षिणेच्या सरकारने ती घेतली. दहा वर्षं जुनी, एकदा कुजून दुरुस्त झालेली बोट अचानक पुन्हा मोलाची झाली. कारण वेग हाच त्या बाजारातला माल होता. पण १८६२मध्ये उत्तरेचं सैन्य फ्लोरिडात जॅक्सनव्हिलजवळ पोचलं, तेव्हा ती शत्रूच्या हाती पडू नये म्हणून सेंट जॉन्स नदीच्या एका फाट्यात तिला भोक पाडून बुडवण्यात आलं. उत्तरवाल्यांनी ती शोधली, वर काढली, ‘अमेरिका’ हे नाव परत दिलं, तोफा चढवल्या, आणि तिलाच वेढ्याच्या कामावर लावलं. कालपर्यंत ती ज्यांच्यासाठी वेढा चुकवायची, त्यांनाच ती आता अडवू लागली.

युद्धानंतर ती अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत शिकाऊ अधिकाऱ्यांसाठी राहिली. १८७०मध्ये इंग्रज पहिल्यांदा चषक परत न्यायला आले, तेव्हा नौदलाने ही म्हातारी पुन्हा शर्यतीत उतरवली. बोटींच्या त्या मोठ्या ताफ्यात ती चौथी आली आणि इंग्रजांची ‘कॅम्ब्रिया’ तिच्या मागे राहिली. एकोणीस वर्षं जुन्या बोटीला हे काही वाईट नाही.

आणि मग १८७३. नौदलाला तिच्या देखभालीचा खर्च जड झाला आणि त्यांनी ती ५ हजार डॉलरला विकली. घेणारे होते जनरल बेंजामिन बटलर, युद्धातले एक वादग्रस्त सेनानी आणि राजकारणी. राष्ट्राची वस्तू इतक्या स्वस्तात कशी दिली यावर ओरड झाली. आता आपण मघाशी लक्षात ठेवलेला आकडा काढू. १८५१मध्ये २० हजार, २२ वर्षांनी ५ हजार. म्हणजे चौथा हिस्सा. वर्षाला सरासरी सहा टक्क्यांच्या आसपास घसारा. त्यात १८७३चा डॉलर हा युद्धात छापलेला कागदी डॉलर होता, सोन्यापेक्षा हलका, म्हणजे खरी घसरण याहून जास्त. आणि या हिशेबात पिचरने घातलेली नवी लाकडं नाहीत, नदीतून वर काढायचा खर्च नाही, नौदलाने केलेली डागडुजी नाही. तो सगळा पैसा कुठल्याच विक्रीच्या किमतीत दिसत नाही. तो घालणाऱ्याचा गेला.

बटलर यांनी तिला वीस वर्षं सांभाळली. हा आमच्या मते या गोष्टीतला खरा नायक, जरी इतर बाबतींत त्याच्याबद्दल बरं बोलणारे फार कमी. १८७५मध्ये त्यांनी डॉनल्ड मॅके यांच्याकडून, म्हणजे त्या काळच्या सर्वांत नामांकित क्लिपर जहाजं बांधणाऱ्याकडून तिची मोठी दुरुस्ती करून घेतली. १८८५मध्ये एडवर्ड बर्जेस या आघाडीच्या आरेखकाकडून डोलकाठ्या आणि शिडांची रचना नव्याने करवली. ते तिच्यावर स्वतः फिरायचे, शर्यतीत न्यायचे. ५ हजारांची बोट आणि तिच्यावर हे असले कारागीर! हिशेबाने बघितलं तर वेडेपणा. पण चाळिशी ओलांडलेली ती बोट तोपर्यंत तरंगत होती ती या वेडेपणामुळे.

१८९३मध्ये बटलर वारले. बोट मुलाकडे गेली. त्याला तिच्यात रस नव्हता. त्याने ती भाच्याला देऊन टाकली. देऊन टाकली हा शब्द नीट ऐका. जगातली सर्वांत प्रसिद्ध शर्यतीची बोट, आणि वारसाला ती फुकट देणं परवडत होतं, ठेवणं परवडत नव्हतं. भाच्याने ती काही वर्षं चालवली. १९०१नंतर ती बांधून पडली आणि वीस वर्षं तशीच राहिली. १९२१मध्ये काही हौशी मंडळींनी निधी उभारून ती घेतली आणि नौदल अकादमीच्या स्वाधीन केली. कायद्यासाठी काहीतरी किंमत दाखवावी लागते म्हणून नावापुरता एक डॉलर.

अकादमीत तरी नीट राहील असं सगळ्यांना वाटलं. पण मंदी आली, पैसे नव्हते, मग युद्ध आलं. दुरुस्तीसाठी ती पाण्याबाहेर काढून एका शेडखाली ठेवली होती. २९ मार्च १९४२ला जोराचा बर्फ पडला आणि ते छप्पर तिच्यावर कोसळलं. १९४५मध्ये जे उरलं होतं ते मोडून जाळण्यात आलं.

तो १०० पौंडांचा चषक आजही आहे. त्याला कधी नव्या फळ्या घालाव्या लागल्या नाहीत.

आता कुणी म्हणेल, ही एका बोटीची गोष्ट झाली. सगळ्यांचं असंच का होतं? याचं उत्तर शोधताना आपल्याला मुंबईत यावं लागतं, आणि ते ओढूनताणून नव्हे.

जुनी बोट विकत घेणाऱ्याची अडचण अशी, की लाकडाच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. ही अडचण व्यापारी जहाजांच्या विमेवाल्यांना आधी आली. लंडनच्या लॉइड्स कॉफीगृहात बसणाऱ्या मंडळींनी १७६०मध्ये एक संस्था काढून जहाजांची वही छापायला सुरुवात केली. प्रत्येक जहाजाला दर्जा. धडाला अक्षर, साहित्याला वेगळी खूण. पुढे १८३४मध्ये ही संस्था नव्याने उभी राहिली आणि तिने नियम केला, की जहाज कुठल्या लाकडाचं आहे त्यावर त्याचा पहिला दर्जा किती वर्षं टिकेल हे ठरेल. हलक्या लाकडाला थोडी वर्षं. सर्वांत जास्त वर्षं मिळणाऱ्या मोजक्या लाकडांत दोन नावं ठळक होती, इंग्लिश ओक आणि सागवान. म्हणजे जहाज दुसऱ्या हाताला विकताना गिऱ्हाईक प्रथम विचारणार, दर्जाची किती वर्षं उरली? आज आपण गाडीच्या नोंदणीची किती वर्षं उरली विचारतो तसं. १८७८मध्ये हौशी यॉटींसाठीही त्यांनी वेगळी वही सुरू केली.

सागवान आलं की वाडिया आले. लवजी नसरवानजी वाडिया १७३६मध्ये सुरतेहून मुंबईत आले आणि त्यांच्या घराण्याने पुढे दीडशे वर्षं मुंबईच्या गोदीत जहाजं बांधली. सागवानाचा मोठा गुण काय, तर त्यात तेल असतं. ओकमध्ये आम्ल असतं, ते लोखंडी खिळ्याला खातं. खिळा सैल झाला की फळी हलते. सागाचं तेल उलट खिळ्याला सांभाळतं. त्यामुळे इंग्रज आरमाराने मुंबईत लढाऊ जहाजं बांधून घ्यायला सुरुवात केली.

त्यातलंच एक ‘ट्रिंकोमाली’. तिचे नकाशे इंग्लंडहून ‘जावा’ नावाच्या जहाजावरून निघाले होते, ते जहाज १८१२मध्ये अमेरिकनांशी लढताना गेलं, आणि नकाशे पुन्हा पाठवावे लागले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी ती बांधली आणि ऑक्टोबर १८१७मध्ये पाण्यात उतरवली. खर्च २३,६४२ पौंड. पण तोवर नेपोलियन हरला होता, लढायला शत्रूच नव्हता. पोर्ट्समथला पोचल्यावर तिच्यावर छप्पर घालून तिला बांधून ठेवलं, ते थेट १८४५पर्यंत. छप्पर घालून, हे महत्त्वाचं. मघाशी बोललो ते पावसाचं पाणी आत जाऊ दिलं नाही. पुढे तिने प्रशांत महासागरात काम केलं, मग शिकाऊ खलाशांची शाळा म्हणून राहिली, आणि १८९७मध्ये आरमाराने ती भंगारात काढली. किंमत १,३२३ पौंड. ऐंशी वर्षांनी मूळ खर्चाच्या जेमतेम साडेपाच टक्के. पौंड त्या काळात बऱ्यापैकी स्थिर होता, तेव्हा ही तुलना कागदी डॉलरसारखी फसवी नाही.

म्हणजे जगातलं सर्वोत्तम लाकूड, सर्वोत्तम कारागीर, धड अजून ठणठणीत, आणि बाजार देतोय भंगाराचा भाव. इथे आमच्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. टिकाऊपणा आणि किंमत या दोन गोष्टींची आपण गल्लत करतो. साग जहाजाला टिकवतो. गिऱ्हाईक टिकवत नाही. १८९७मध्ये शिडाच्या लढाऊ जहाजाचं करायचं काय?

तिला घेणारा एक वेडा भेटला म्हणून ती वाचली. जेफ्री व्हीटली कॉब नावाच्या गृहस्थांनी नेल्सनचं जुनं जहाज ‘फूद्रोयां’ विकत घेतलं होतं, त्यावर २० हजार पौंड खर्चून ते सजवलं होतं, आणि तो खर्च भरून काढायला ते गावोगावच्या किनाऱ्यांवर तिकीट लावून दाखवत होते. जून १८९७मध्ये ब्लॅकपूलला वादळात ते किनाऱ्यावर आपटलं. गंमत अशी, की मोडल्यावर त्याचं लाकूड आणि तांबं आठवण म्हणून विकलं गेलं, टेबलं झाली, पदकं झाली. कॉब यांनी मग त्याच वर्षी आपली ‘ट्रिंकोमाली’ भंगारवाल्यांच्या तावडीतून सोडवली आणि तिचं नाव ‘फूद्रोयां’ ठेवलं. जवळजवळ नव्वद वर्षं ती मुलांना समुद्र शिकवत राहिली. १९८७पासून हार्टलपूलमध्ये तिची दुरुस्ती चालली, ती २००१ला पुरी झाली. आज ती तिथेच पाण्यावर आहे, मूळ नावाने. बघायला जाता येतं.

आता लाकडाकडून वळू शर्यतीच्या यॉटींकडे, कारण विसाव्या शतकात मोठी रक्कम तिथे गेली. शर्यतीच्या बोटीला एक जास्तीचा रोग असतो, तो म्हणजे नियम. वेगवेगळ्या आकाराच्या बोटी एकत्र पळवायच्या तर मोजमापाचं काहीतरी सूत्र लागतं. आरेखक मग समुद्रासाठी नाही, सूत्रासाठी बोट आखतात. सूत्र बदललं, की कालची विजेती आज विचित्र आकाराचं ओझं. १९७०च्या सुमारास आलेल्या आयओआर नावाच्या सूत्रासाठी शेकडो बोटी बांधल्या गेल्या; नव्वदीत ते मागे पडलं आणि त्या बोटींचे भाव बसले.

याचं सर्वांत टोकाचं उदाहरण ‘एन्डेव्हर’. विमानं बनवणारे टॉमस सॉपविथ यांच्यासाठी १९३४मध्ये बांधलेली, १३० फुटी, पोलादी. चषकाच्या पहिल्या दोन शर्यती तिने जिंकल्या आणि मग चार हरली. युद्धानंतर त्या प्रचंड बोटींसाठी ना माणसं, ना पैसा. १९४७मध्ये ती भंगारात निघाली होती आणि काही तास आधी दुसऱ्या कुणी घेतली म्हणून राहिली. सत्तरीत ती मेडिना नदीत बुडाली, भोकं प्लास्टिकच्या पिशव्यांनी बुजवून पुन्हा तरंगवली गेली, आणि १९७८मध्ये विकली गेली. किंमत दहा पौंड. हजार नाही, दहा.

१९८४मध्ये एलिझाबेथ मायर या अमेरिकन बाईंनी तो गंजलेला सांगाडा घेतला आणि पाच वर्षं खपून १९८९ला ती पुन्हा समुद्रावर आणली. २०००मध्ये ती दीड कोटी डॉलरला विकली गेली आणि २००६मध्ये १ कोटी ३१ लाखांना. दलाल मंडळी हा आकडा फार आवडीने सांगतात, दहा पौंडांपासून दीड कोटी! आम्ही म्हणतो, मधल्या पाच वर्षांच्या दुरुस्तीचा खर्चही बरोबर सांगा. आणि पुढे इतकी नावाजलेली बोटही सहा वर्षांत जवळपास वीस लाख डॉलरनी उतरली, तेही सांगा.

आता अगदी अलीकडे या. १९५९च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात पीअरसन बंधूंनी ‘ट्रायटन’ नावाची बोट मांडली. कार्ल अल्बर्ग यांची आखणी, साडेअठ्ठावीस फूट, किंमत दहा हजार डॉलरच्या किंचित आत, आणि धड फायबरग्लासचं. साच्यातून काढायचं, त्यामुळे एकासारखी एक. सातशेच्या वर बोटी निघाल्या. सुरुवातीला हा नवा पदार्थ किती टिकेल याचा कुणालाच अंदाज नव्हता, म्हणून धड जाड घातलं. आणि तिथेच घोळ झाला. त्या बोटी मरेनात. लाकडी बोट चाळीस वर्षांत दुर्लक्षाने कुजून संपायची आणि नव्यासाठी जागा करायची. फायबर कुजत नाही. त्यावर फोड येतात, इंजिन जातं, डेकच्या आतलं लाकूड ओलं होतं, शिडं फाटतात, पण धड उरतं. म्हणजे दरवर्षी नव्या बोटी येतात आणि जुन्या जात नाहीत. नव्या बोटीची खरी स्पर्धा स्वतःच्याच आजीशी. अशा बाजारात भाव कसा टिकणार?

अधूनमधून सरकारच हात देतं, नकळत. अमेरिकेने १९९१पासून एक लाख डॉलरवरच्या बोटींच्या वरच्या रकमेवर दहा टक्के चैनकर लावला. श्रीमंतांकडून वसूल करायचा होता, पण कर फक्त नव्या बोटीवर होता. श्रीमंतांनी जुनी घेतली, किंवा थांबले. गोद्यांतले सुतार-वेल्डर घरी बसले. १९९३मध्ये कर मागे घ्यावा लागला.

पण एकूण दिशा खालीच. फ्रान्सने २०१९मध्ये जुन्या हौशी बोटी मोडून विल्हेवाट लावायची देशभराची व्यवस्था सुरू केली. ती लागली कारण मालक बोटी खाड्यांत, बंदरांत सोडून जात होते. बोट मोडायलाच पैसे पडतात, म्हणजे तिची किंमत शून्याखाली गेली. ‘अमेरिका’ निदान एका डॉलरला तरी गेली होती.

वेळ होत आलाय, तेव्हा शेवटची एक बोट, आणि तीही मुंबईची. १९६०च्या दशकात व्यापारी जहाजावरचा एक तरुण इंग्रज अधिकारी, रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, मुंबईत होता. त्याने कुलाब्याच्या गोदीत आपल्या सुतारांकडून ३२ फुटी बोट बांधून घेतली, सागवानाची, वाकस आणि हातड्रिलने, जुन्या पद्धतीने. आखणीही तेव्हाच जुनी मानली जाणारी होती. नाव ‘सुहैली’. ती चालवत तो इंग्लंडला गेला. तिथे एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची कल्पना त्याच्या डोक्यात आली, आणि त्यासाठी त्याला हवी होती मोठी, नवी, पोलादी बोट. ‘सुहैली’ विकून आणि प्रायोजक मिळवून ती बांधायचा बेत होता. प्रायोजक मिळाले नाहीत. ‘सुहैली’ही गेली नाही. बाजाराच्या नजरेत ती होती एक लहान, जड, संथ, जुन्या आकाराची बोट.

तेव्हा नाइलाजाने तो तिच्यातूनच निघाला. १४ जून १९६८ला फाल्मथहून. नऊ जण शर्यतीत होते. त्यांच्यातल्या काहींच्या बोटी नव्या आणि कितीतरी वेगवान. ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ला, परत आली ती एकटी ‘सुहैली’. बक्षिसाचे ५ हजार पौंड त्याने शर्यतीत जीव गमावलेल्या डॉनल्ड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला दिले.

बोट त्याने पुढेही विकली नाही. नव्वदीत ती ग्रीनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ठेवली गेली, दिव्यांखाली, नियंत्रित हवेत. यापेक्षा चांगली जागा कुठली? पण त्या कोरड्या हवेत कुलाब्याच्या सागवानी फळ्या आकसू लागल्या, जोड उघडे पडू लागले. त्याने ती २००२मध्ये बाहेर काढली आणि पुन्हा पाण्यात घातली.

आता प्रश्न घेऊ.